देवाला सांगितलं, आता घरी सांगा

नामस्मरण करूनही मन थाऱ्यावर का येत नाही, हा प्रश्न गेल्या वर्षी मला रोज छळत होता. पनवेलजवळच्या एका गोदामात मालाच्या पाठवणीचं काम माझ्याकडे आहे. दोन माणसं नोकरी सोडून गेली, त्यांचं काम आमच्यावर आलं आणि वरिष्ठांकडून फोनवर रोज बोलणी बसू लागली. तीच मी हाताखालच्या लोकांना ऐकवायचो. पुढे पुढे गोदामाचं गेट दिसलं की छाती धडधडायची. हृदयाच्या तपासण्या चांगल्या आल्या. घरी मात्र मी चकार शब्द काढला नाही. दत्तगुरू परीक्षा पाहताहेत, ती मुकाट्यानं द्यायची, असं मनाशी धरून बसलो होतो.

एका सकाळी गेटपाशी आलो आणि स्कूटर आत नेववेना. तशीच वळवली. सुकापूरच्या बाजूला एक लहानसं दत्तमंदिर आहे, तिथे जाऊन बसलो. हात जोडले, पण नेहमीचं नामही ओठांवर येईना. "आता माझ्यानं होत नाही. नको हे जगणं," एवढंच म्हणालो, बहुधा मोठ्यानं.

फरशी पुसणाऱ्या गावातल्या मावशी थांबल्या. फडकं बाजूला ठेवून समोर येऊन बसल्या.

"दादा, घरी ठावं हाय काय?"

मी नकारार्थी मान हलवली.

"माजा घरवाला बी कंपनीत व्हता. सगला देवाला सांगायचा, आमाला कदी नाय. आमाला कललाच नाय, आन तो गेला." त्यांनी मूर्तीकडे बोट केलं. "तुमी देवाला सांगितलाव. आता घरी सांगा. फोन लावा, मी हितंच बसतंय."

मी फोन लावला. खारघरच्या शाळेत शिकवणारी बायको धावत येईपर्यंत त्या खरंच उठल्या नाहीत. त्याच दिवशी आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. औषधं सुरू झाली, रजा घेतली. वरिष्ठांनाही सगळं सांगितलं. त्यांनी कुरकुरत का होईना, एक माणूस वाढवून दिला. बरं व्हायला महिने लागले. औषध अजून चालू आहे.

कामावर परतल्यावर पहिल्यांदा आमच्या विभागातल्या क्लार्कला उपचारांचं सांगितलं आणि त्याची माफी मागितली. सर्वांत जास्त मी त्याच्यावरच ओरडलो होतो. तो म्हणाला, "सर, मलाही त्या डॉक्टरांचा पत्ता द्याल?"

मावशींना तिथे कुणी पाठवलं, हे मी कुणाला पटवायला जात नाही. शरण जाणं म्हणजे सगळं एकट्यानं सोसणं, असं मी इतकी वर्षं समजत होतो. दत्तमहाराजांनी माझं ओझं चार माणसांत वाटून दिलं. क्लार्कला पत्ता लिहून देताना मनात आपोआप नाम सुरू झालं.