थोरलीला गाभोळी हवी, धाकटी घेऊ देत नाही

मासे शिकायला कॉलेजात घातली ती पोरगी आता मला मासाच घेऊ देत नाही! हे कसलं शिक्षण गं बायांनो?

माझी धाकटी मासे आणि जंगली जनावरं सांभाळायचा कोर्स करते. आज अंबरपेठच्या बाजारात माझ्यासोबत आली. थोरलीला सातवा महिना, तिला गाभोळीचे, म्हणजे माशाच्या अंड्यांचे, डोहाळे लागलेत. म्हणून मी पोट फुगलेला रोहू निवडला. तर ही मधेच म्हणते, "आई, पावसाळ्यात अंडीवाला मासा नको घेऊ. तलावात पुढे काय उरेल?"

मासेवाली हसायला लागली, "क्या अम्मा, बेटी मछली पढ़ री या मछली छुड़ा री?"

मी म्हटलं, "अगं, हा मेलाय. आता कुठून अंडी घालणार?"

"तू घेतेस, म्हणून उद्या दुसरा धरतात."

मी रोहू परत टोपलीत ठेवला. रिकामी पिशवी घेऊन घरी आले. थोरली रडतेय. पोटुशीचे डोहाळे मोडायचे कसे? आणि धाकटीचं खरं असलं तर?

रविवारी डोहाळजेवण आहे. नुसते जोडलेल्या हातांचे इमोजी टाकू नका. शनिवारपर्यंत नीट सांगा, गाभोळी घ्यायची की नाही?