साडूचा गॉगल

माझ्या साडूला मासेमारीचा नाद लागला तो मोबाइलवर. सीवूड्सला चौदाव्या मजल्यावर राहणारा, पापलेटसुद्धा साफ करून, तुकडे पाडूनच घरी आणणारा हा माणूस. एका रविवारी सकाळी रॉड, रील, बारा खिशांचं जाकीट आणि एक गॉगल घेऊन तो माझ्या दारात उभा राहिला.

"दादा, मोऱ्याला जाऊ. जरा निसर्गात."

मी गेलो, कारण बायको म्हणाली, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणू नका. आणि खरं सांगायचं तर त्याची फजिती बघायला मला आवडतं.

उरण येईपर्यंत गॉगलचं कौतुक चाललं होतं. पाण्यावरची चकाकी म्हणे त्यातून दिसत नाही, खालचा मासा थेट दिसतो, दगड मारला तरी काच फुटत नाही. मोरा बंदरावर पोचल्यावर त्याने तो घातला, रॉड खांद्यावर टाकला आणि माझ्याकडून सात फोटो काढून घेतले. मग गॉगल उतरवून डबीत ठेवला आणि डबी मला दिली.

"सांभाळा हां, दादा. वाकताना पाण्यात पडला तर गेलाच."

म्हणजे फोटोला गॉगल आणि मासे धरायला उघडे डोळे.

रबाळ्याच्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षं सुपरवायझर होतो. लेथवर उभ्या माणसाला 'चष्मा लाव' हे इतक्या वेळा सांगितलंय की कामगार माझी नक्कल करायचे. डोळ्यात लोखंडाचा कीस गेलेल्या एकाला मी स्वतः रिक्षात घालून नेलाय. त्यामुळे डबी हातात आली तेव्हा शब्द ओठांवर आले होते. गिळले. म्हटलं, हा मोबाइलवर शिकून आलेला विद्वान, याला आपण काय सांगणार?

शेजारी एक म्हातारे कोळी रॉडबिड काही न घेता नुसत्या नायलॉनच्या दोरीने मासे धरत होते. त्यांचा गळ धक्क्याखालच्या दगडात अडकला. त्यांनी ओढाओढ केली नाही. दोरी लाकडाच्या तुकड्याला गुंडाळली, पाण्याकडे पाठ केली आणि सरळ चालू लागले. दोरी तुटली, तिला बांधलेलं शिसं उसळून त्यांच्या पाठीला लागलं आणि खाली पडलं. त्यांनी ते उचलून खिशात टाकलं.

"अडकला का पाठ कराची," ते आम्हाला म्हणाले. "पाठीला डोलं नसतान."

साडूने त्यांचा व्हिडिओ काढला होता. "जुनी टेक्निक," तो मला हळूच म्हणाला आणि हसला. थोड्या वेळाने म्हातारे आपली टोपली घेऊन घरी गेले.

अर्ध्या तासात साडूचा गळ त्याच दगडात अडकला. त्याने पाय रोवले, रॉड दोन्ही हातांनी धरला आणि तोंड थेट पाण्याकडे ठेवून मागे खेचायला लागला. दोरी ताणली, रॉड वाकला. मी दोन पावलं बाजूला झालो. हे मला पक्कं आठवतं. बाजूला झालो आणि तोंड उघडलं नाही. आता हा पाठीवर आपटणार, ती गंमत मला बघायची होती.

शिसं त्याच्या डाव्या डोळ्यावर आलं.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवली. तो शेजारच्या सीटवर टॉवेल दाबून बसला होता आणि सारखं विचारत होता, "दादा, डोळा आहे ना?" दोन ऑपरेशनं झाली. डोळा आहे. त्याला त्या डोळ्याने उजेड कळतो, समोरचा माणूस कळत नाही.

गॉगल तो आता घरातही घालतो, डोळा कुणाला दिसू नये म्हणून. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, "दादा होते म्हणून निभावलं. एवढ्या धावपळीत गॉगलसुद्धा जपून आणला त्यांनी. ओरखडा नाही." मेहुणी मला आग्रहाने वाढते.

मी त्याला मूर्ख समजत आलो, आणि तो मूर्खच आहे. त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. हे त्याला सांगायचं म्हणून मी दर रविवारी त्याच्याकडे जातो आणि जेवून परत येतो.