भित्र्या ओपनरचं हेल्मेट

शहाद्याहून आमच्या टीमच्या कीपरचा फोन आला, मगनला बॉल लागला म्हणून. मी विचारलं, रन किती झाले होते? अलीकडे मगनला बॉल लागणं ही बातमी राहिली नव्हती. कीपर म्हणाला, "मगन गया."

मगन कॉलेजात आमचा ओपनर. पुढे केळी पिकवू लागला, तरी पंचेचाळिशीपर्यंत गावाचा ओपनर तोच. माणूस भित्रा, आणि त्याची सगळी बॅटिंग त्या भीतीवर उभी. आखूड बॉल दिसला की मान अशी काढून घ्यायचा, की बॉलरलाच ओशाळल्यासारखं व्हावं. आमच्याकडे काळ्या मातीवर मॅट अंथरून खेळतात, बॉल कसाही उडतो. त्यामुळे उघड्या डोक्याच्या माणसाला मुद्दाम वर टाकायचं नाही, हे कुणी न सांगता सगळे पाळत. चुकून गेलाच, तर तळोद्याचा दांडगा बॉलर अर्ध्या पिचपर्यंत चालत यायचा. "मगनदादा, लागनं नही ना?"

मग एका पुढाऱ्याने टीमला हेल्मेट दिलं. मंडप, शाल, नारळ आणि खेळाडूंच्या सुरक्षिततेवर लांबलचक भाषण. ओपनर म्हणून ते मगनच्या डोक्यावर बसलं, आणि त्याची मान हलायची थांबली. तोंडावर येणारे बॉल तो हुक करू लागला. चुकला की हेल्मेटवर टक्क वाजायचं आणि आतून हसू ऐकू यायचं. मी एकदा बोललो, तर म्हणाला, "डोकं मन्हं, टोप मन्हा. तू कसाले घाबरस?"

तळोद्याचा बॉलरही बदलला. "टोप शे ना त्याना डोकावर," म्हणून खुशाल वर आपटायचा. विचारपूस बंद झाली. भीती दोघांचीही गेली होती. त्या दुपारी मगनचा हुक चुकला, मान वळली आणि बॉल हेल्मेटच्या काठाखाली, कानामागे बसला. हेल्मेटवर ओरखडाही नाही.

शोकसभेत त्याच पुढाऱ्याने सगळ्या टीमला हेल्मेटं जाहीर केली. टाळ्या पडल्या. शोकसभेत...

परवा मगनच्या घरी गेलो. त्याच्या मागच्या खोलीचं दार ठेंगणं आहे. मी आलो की तो आतूनच ओरडायचा, "डोकं संभाय रे." इतक्या वर्षांत त्या चौकटीकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. परवा ती कपाळावर बसली. वहिनी पाणी घेऊन आल्या, माझ्या कपाळाकडे पाहिलं, तांब्या खाली ठेवला आणि आत निघून गेल्या.