हिवतापाचं गणित शिकायला गेलेले आमचे हे

आमची मुलगी हिवतापानं गेली, आणि तिचे वडील गणित शिकायला कलकत्त्याला निघून गेले.

अख्ख्या वाडीनं त्यांना वेडं ठरवलं होतं.

आज ह्यांची पुण्यतिथी. मी बोलतेय, नात टाईप करतेय. ती म्हणाली, "आजी, फोटो टाकू आणि खाली दोन ओळी लिहू." म्हटलं, दोन ओळींत मावायचं नाही. बस जरा.

दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस होते. हे भोरला शाळेत गणित शिकवायचे. पुण्याला राहून बी.एस्सी. झालेले, वेल्ह्याकडच्या आमच्या खोऱ्यातले पहिलेच.

त्या वर्षी भाताच्या लावणीला मी वाडीत सासू-सासऱ्यांकडं होते. चंद्रा, आमची मुलगी, नुकती चालायला लागली होती; तिला मी लावणीच्या चिखलात बरोबर न्यायचे.

पाऊस सरता सरता हिव आलं. घराघरांत माणसं वाकळ पांघरून कुडकुडत पडलेली. लढाईमुळं हिवतापावरचं औषध, क्विनाईन, मिळेनासं झालेलं.

हे भोरहून चालत पोचले, तोवर चंद्रा गेली होती.

सासूबाई मला एकच वाक्य बोलल्या. "वल्यात घिऊन गेलीस पोरीला, म्हून झालं."

तसं पुन्हा कधी बोलल्या नाहीत. पण एकदा बोललेलंच पुरलं.

हे तर कुणाशीच बोलेनात. मग एक दिवस पुण्याला त्यांच्या कॉलेजातल्या प्रोफेसरांना भेटून आले आणि विहिरीवर मला गाठलं.

"कलकत्त्याला एका संस्थेत ट्रेनिंग आहे. रोग कसा पसरतो त्याचं गणित मांडायला शिकवतात. स्कॉलरशिप मिळेल. जाऊ का?"

"तुमी गेल्यानं चंद्रा येनार हाय का?"

"न्हाई."

"मग?"

"असं का झालं ते मला कळायला पाहिजे. हितं बसून माझं डोकं फिरंल."

मी घागर उचलली. म्हटलं, "जावा मग."

सासूबाईंनी दारात कपाळाला हात लावला. "अरं दत्तू, गणितानं ताप जातोय व्हय? आन् तिकडं बाँब पडत्यात म्हनं!"

हे पाया पडले आणि निघाले.

मी राहिले.

मला वाचता येत नव्हतं तेव्हा. ह्यांचं पत्र आलं की वाडीतले मास्तर ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायचे. सगळं घर, शेजारीपाजारी गोळा.

त्यामुळं पत्रात माझ्यासाठी काहीच नसायचं. हवा कशी आहे. भात कसला मिळतो. वडिलांना नमस्कार.

चंद्राचं नाव एकदाही नाही. चारचौघांत कसं लिहिणार?

मी आत चुलीपाशी बसून ऐकायचे. पत्र संपलं की लोक उठून जायचे.

तिकडं ह्यांचंही तसंच. मराठी बोलायला माणूस नाही. नंतर सांगायचे, "आंघोळ करताना तुझ्याशी बोलायचो. पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू जायचं नाही."

ट्रेनिंग संपलं. तिथल्या मोठ्या सरांनी विचारलं, इथंच राहून रिसर्च कराल का? तुमच्याच खोऱ्यातल्या तापावर काम करा. बायकोला घेऊन या.

हे मला न्यायला आले.

मी लुगडी गाठोड्यात बांधून ठेवली होती. कलकत्ता कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. पण मला जायचं होतं. लई जायचं होतं.

ते आले त्याच आठवड्यात मामंजींना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं. घरात दुसरा मुलगा नाही.

सासूबाई म्हणाल्या, "तू जा रं. आमी बघतो." त्यांनी अडवलं नाही, हे मी आज मुद्दाम सांगते.

हे बराच वेळ बापाचा हात धरून बसले. दुसऱ्या दिवशी भोरला जाऊन तार केली. येऊ शकत नाही.

परत येऊन मला म्हणाले, "न्हाई म्हून कळवलं."

मी गाठोडं सोडलं.

भोरच्या शाळेनं त्यांना परत घेतलं. बिऱ्हाड केलं, मामंजींना तिथंच आणलं. पुढं मुलगा झाला. लोक "सर, सर" म्हणायचे.

पण त्या विषयावर बोलायला अख्ख्या भोर संस्थानात एक माणूस नव्हता. शाळा सुटली की रिकाम्या वर्गात फळा भरून काहीतरी मांडायचे आणि स्वतःच पुसून घरी यायचे.

एकदा मीच म्हटलं, "मला सांगा की. काय शिकला तिकडं?"

 मी तांदूळ निवडत होते, त्या सुपाजवळ हे येऊन बसले.

"हे बघ. एका आजारी माणसाचा ताप डासांकडून सरासरी एकाहून जास्त जणांना गेला, तर साथ वाढते. एकाहून कमी जणांना गेला, तर हळूहळू विझते. सगळे डास मारायची गरज नसते. पुरेसे कमी केले तरी भागतं."

"आन् आपल्या वाडीत तवा?"

"एकाहून जास्त. बरंच जास्त."

मी विचारलं, "मग मी तिला वल्यात नेली म्हून...?"

ते पटकन म्हणाले, "न्हाई गं. ओलीनं हिवताप होत न्हाई. घरात निजवली असतीस तरी डास होतेच की. तुझं त्यात काही न्हाई."

इतक्या वर्षांत मी ते कुणाला विचारलं नव्हतं.

त्या दिवशी मी सुपात तोंड खुपसून रडले. हेही रडले. आम्ही दोघं एकत्र रडलो ते तेव्हाच, पहिल्यांदा.

हे गेले तेव्हा शोकसभेला शाळेचा हॉल भरला होता. शिस्तीचे होते, पाढे पाठ करून घ्यायचे, एकेक जण उठून सांगत होता. सगळं खरं.

शेवटी विचारलं, "घरचं कुणी बोलणार का?" सगळ्यांनी मुलाकडं बघितलं. त्याला हुंदका आवरेना.

मी उठले. माईकपाशी गेले. म्हटलं, "ते संशोधक होते."

पुढं कसं सांगायचं ते सुचेना. समोर एवढी माणसं. मी तशीच येऊन बसले.

राहिलेलं आज सांगितलं.

अहो, तुमची फार आठवण येते. तुम्हाला माझा नमस्कार.