आधी कोड, मग बाटली

आमच्या साडूंइतका नियमाला धरून चालणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नाही, आणि पुन्हा होऊही नये. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात ते बिलाच्या खिडकीवर बसत. थुंकी, लघवी, पू असं जंतू शोधायला लॅबमध्ये जे काही जाई त्याचा कोड आधी सरकारी योजनेच्या कॉम्प्युटरात टाकायचा, तो मंजूर झाला की बाटली पुढे सोडायची, हे त्यांचं काम. कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत या मोफत योजनेवाचून कुणाचंच भागत नसे, त्यामुळे खिडकीशी कायम जत्रा. पेशंटची नावं साडूंच्या लक्षात राहत नसत. "दिग्रसची थुंकी कुठी गेली?" असं ते पुकारत. एकदा एका म्हातारीनं खिडकीत तोंड घालून विचारलं, "थुंकी कोणाले म्हणतं रे बाप्पा?" साडूंनी शांतपणे तिला तिचा कोड सांगितला. घरीही तेच. भाज्यांना त्यांनी नंबर दिले होते. त्यांची बायको, म्हणजे आमची मेहुणी, "आज दोनशे चार केलं," म्हणत वांग्याची भाजी वाढायची आणि आमच्याकडे बघून हसायची.

सर्व्हर बंद पडला की बाकीचे कारकून बाटली आत पाठवून देत, कोड मागाहून टाकत. साडूंच्या टेबलावर मात्र बाटल्या रांगेनं उभ्या. "कोड नाही तं रोग नाही," ते म्हणत. एकदा वेचणीच्या दिवसांत मेहुणी आर्णीच्या शेतातून तापानं फणफणत आली आणि साडूंच्याच दवाखान्यात भरती झाली. कोणता जंतू आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल हे कळावं म्हणून डॉक्टरांनी लघवीचं कल्चर सांगितलं. नेमका सर्व्हर बंद. सिस्टर म्हणाली, "देऊन टाका नं, कोड मागून टाकजा." साडू म्हणाले, "घरची सोडली तं लोक काय म्हणतीन?" ऑक्टोबरच्या उकाड्यात बाटली दुपारभर टेबलावर राहिली. ऊन येऊ नये म्हणून त्यांनी तिच्याआड पेपर उभा केला, घरच्या माणसाला सवलत दिली ती एवढीच. मेहुणीनं खाटेवरून विचारलंही, "माह्या बाटलीले भेटला काय कोड?"

रिपोर्ट आला की नमुना फार वेळ बाहेर राहिला, त्यात भलतेच जंतू वाढले, पुन्हा पाठवा. तोवर डॉक्टरांनी अंदाजानं सुरू केलेलं औषध लागू पडलं नव्हतं. मेहुणी गेली. मी साडूंशी वर्षभर बोललो नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

परवा त्या खिडकीशी गेलो तर सर्व्हर बंद होता. साडू कुणा अनोळखी बाईची बाटली घेऊन स्वतः लॅबकडे पळाले, चपला टेबलाखालीच राहिल्या. धापा टाकत परत आले, तेव्हा मी त्यांना पाणी दिलं. ते म्हणाले, "लॅब काही दूर नाही, साडूभाऊ."

नाहीच. तेव्हाही ती जिन्याखालीच होती.