गव्हाची रविवारची सुट्टी

चहा आला का सगळ्यांचा? मग ऐका. पण एक अट आहे. एकदा हसून घ्या आणि विषय संपवा, पुन्हा गावात कुणापाशी काढायचा नाही. गावाला तसं माहीत आहेच म्हणा. माझ्या आईनंच सांगितलंय.

तुम्हाला ठाऊक आहे, मी परभणीत गव्हावर संशोधन करणाऱ्या एका मॅडमच्या शेतावर रोजंदारीनं जातो. खुरपणी, पाणी देणं, पाखरं हाकलणं. शाळा नववीतच सुटली. आणि बोलायचं म्हणाल तर मी जन्माचा लाजाळू. एकदा एसटीत माझा थांबा आला, कंडक्टरला सांगायला जीभ रेटेना. पुढच्या गावाला उतरलो आणि चालत परत आलो. असला मी!

आमचं गाव पालमजवळ. माझ्या आईकडं बन्सी गव्हाचं जुनं बी आहे, माहेरून आणलेलं. उंच वाढतो, लांब कुसळं, आणि शेवया कराव्यात तर त्याच्याच. पण गावात आता सगळे नवे बुटके गहू पेरतात. आईला म्हणतात, "काकू, हे जुनं कशाला कवटाळून बसलाव?" पेरायच्या दिवसात आई गुपचूप दोन सरी बन्सी टाकते.

हे मी मॅडमना सांगितलं. म्हणजे सांगितलं कसलं, आईनं बांधून दिलेली पिशवी टेबलावर ठेवली आणि पळालो. मॅडम खूश. जुने गहू किती ऊन सोसतात, हेच त्यांना बघायचं होतं. त्या म्हणाल्या, "बालाजी, उन्हात हा टिकला, तर पुढच्या वर्षी याचं बी वाढवून शेतकऱ्यांना देऊ. पिशवीवर तुझ्या आईचं नाव छापू."

आईला हे सांगितलं तर ती पदर डोळ्याला लावून म्हणाली, "बाल्या, मग नीट ध्यान ठेव बाबा त्याच्याकडं."

ठेवलं की! तेच तर नडलं.

फेब्रुवारीत ओंब्या निसवून बाहेर पडल्या आणि मॅडमनी वाफ्यांवर प्लॅस्टिकचे तंबू ठोकायला लावले. आत ऊन कोंडायचं आणि गव्हाला तापवायचं, असा तो प्रयोग. पहिल्या दिवशी दुपारी मी बन्सीच्या तंबूत डोकं घातलं. कानाच्या पाळ्या भाजल्या हो! ओंब्यांकडं बघवेना. मला वाटलं, माझी आईच आत उभी आहे.

आता तुम्हीच सांगा, घरचं माणूस असं भट्टीत उभं असताना घास उतरतो का कुणाच्या घशाखाली?

उन्हाळ्यात आपण रांजणाला ओलं पोतं गुंडाळतो की नाही? वासराच्या गोठ्यालाही ओलं तरट बांधतो. मी रविवारी गावाकडनं तीन पोती आणली. दुपारी एकला सगळे जेवायला गेले की नळावर पोती भिजवायची, तंबूवर पसरायची. अडीचला सगळे यायच्या आत काढून टाकीमागं लपवायची. तंबू असा गार, की मला आत जाऊन झोपावं वाटायचं.

बन्सीचे वाफे खरं तर तीन होते, तीन ठिकाणी. मॅडम प्रत्येक जात तीनदा पेरतात. पण मी एकटा, पोती तीनच. म्हणून नळाजवळचा चार नंबरचा वाफा धरला. म्हटलं, तीन पेपरांतल्या एकात तरी भरघोस मार्क पडू देत. शाळेत माझं गणित असंच होतं. म्हणून तर नववीत सुटलं.

मला काय ठाऊक, प्रत्येक तंबूत जे पांढरं डबडं टांगलं होतं ते तासातासाला तापमान टिपत होतं! मी त्याला कीटकनाशकाची डबी समजत होतो.

शनिवारी मॅडम लॅपटॉप घेऊन बांधावर बसल्या. "बालाजी, चार नंबरचा तंबू दुपारी गार का पडतोय?"

मी वाकून बांधावरचं गवत उपटायला लागलो.

"प्लॅस्टिक फाटलंय का बघ. बदलून टाक."

मी बदललं. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

"मग डबी बिघडली असेल. नवी लाव."

मी नवी लावली. स्वतःच्या हातानं! आणि त्याच दिवशी पोती पण पसरली. आता हसू नका, सवय लागली होती.

तिसऱ्या शनिवारी मॅडमचे मोठे साहेब आले. गोल चेहरा, पोटापर्यंत हसणारे. त्यांनी आलेख बघितला आणि मांडीवर थाप मारली. "मॅडम, हा गहू स्वतःला गार ठेवतो! मुळं खोल, पाणी वर खेचतो, पानातनं सोडतो. अहो, कूलर आहे हा कूलर!"

"पण सर, दुसऱ्या दोन वाफ्यांत हाच बन्सी तापतोय. आणि हे बघा, दर रविवारी चार नंबरसुद्धा तापतो."

"रविवारी?"

"फक्त रविवारी."

साहेबांनी जरा विचार केला. "म्हणजे गहूसुद्धा साप्ताहिक सुट्टी घेतो म्हणायचं! ते नंतर बघू. आधी शेतकऱ्यांना बोलावू. आणि बी जपणाऱ्या माउलीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू."

सत्कार माझ्या आईचा, आणि कूलर कोण? मी!

त्या आठवड्यात मी चार वेळा मॅडमच्या दारात उभा राहिलो. ठरवून, पाठ करून. त्या वर बघायच्या. "काय रे बालाजी?"

"मॅडम… ते… खुरपं पाहिजे होतं."

चार दिवसांत माझ्याकडं चार खुरपी झाली.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. मंडप, खुर्च्या, पाच-पन्नास शेतकरी. आई नवं लुगडं नेसून पालमवरनं एसटीनं आली. समोर बसली, पाय जमिनीला टेकत नव्हते इतकी ताठ. गावात तिला हसणारे दोघं-तिघंही मागं बसलेले. साहेब बोलायला उठले. "बंधूंनो, आपल्या मराठवाड्याच्या मातीतला हा गहू स्वतःचं अंग स्वतः गार ठेवतो…"

तेवढ्यात आई कुठं उठून गेली? हातावर चहा सांडला म्हणून हात धुवायला नळावर! मी मनात देवाचा धावा करतोय. आणि टाकीमागून आवाज आला. माइकची गरजच नाही.

"बाल्याऽ! ही माझी पोती हितं कशी रं आली?"

साहेब थांबले. सगळ्या माना वळल्या. आई तीन पोती ओढत मंडपात. "बगा ओ बाई, हिरव्या काठाचं ठिगळ मी सोताच्या हातानं लावलंय. तिकडं हरभरा खळ्यावर पडून हाय, भरायला पोती न्हाईत. मी म्हैनाभर हुडकायलेय, शेजारणीशी भांडले! आन ही लय वली कशी ओ?"

मॅडमनी पोत्यांकडं बघितलं. तंबूकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"दुपारी एक ते अडीच?"

मी मान हलवली.

"आणि रविवारी?"

"रविवारी मी गावाकडं असतो, मॅडम."

महिनाभरात मी त्यांच्यासमोर न अडखळता बोललेलं पहिलं वाक्य ते. मॅडमनी डोळे मिटले. "म्हणून ती खुरपी!"

मागनं कुणीतरी म्हणालं, "काकू, कूलर घरातलाच निगाला की!" मंडप फुटायचा बाकी राहिला. आईच्या खांद्यावर शाल अजून पडली नव्हती, आणि तिचा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं, त्याच पोत्यात तोंड बांधून मला पूर्णेच्या मालगाडीत टाकावं.

पण मॅडम शांतपणे उठल्या. "चला, आधी तंबू उघडू."

सगळे मागोमाग. आधी दुसरे दोन वाफे उघडले, ज्यांना माझा हातही लागला नव्हता. आणि काय सांगू! ताठ उभा बन्सी. पानं जरा पिवळी, पण ओंबी हातात चोळली तर दाणा टपोरा, काचेसारखा. शेजारच्या तंबूतले नवे बुटके गहू पार चिमलेले. गावातले दोघं-तिघं पुढं होऊन दाणा चावून बघायला लागले.

मग चार नंबर उघडला. माझा. निम्मा गहू आडवा पडलेला. सावलीनं लांबलचक, लुळा वाढलेला. वर पोत्याच्या ओलीनं पानांवर तांबेऱ्याचा रोग, हात लावला की बोटाला भगवी पूड. दाणा? जिऱ्याएवढा.

"महिनाभर राबून," मॅडम म्हणाल्या, "अख्ख्या शेतातला सगळ्यात वाईट गहू तू एकट्यानं पिकवलास, बालाजी."

आईच्या खांद्यावर शाल पडली, दोन वाफ्यांच्या जिवावर. पिशवीवर नाव छापायचंही पक्कं झालं. मॅडमनी तिला विचारलं, "मावशी, हा इतकं ऊन कसं सोसतो?"

आई आता परत ताठ झाली होती. "ह्याला आमी जल्मात कदी सावली दावली न्हाई बाई, म्हणून त्यो असा हाय. आन ह्यो आमचा बाल्या, शेंडेफळ. ह्याला कदी उनात जाऊ दिलं न्हाई." तिनं आडव्या पडलेल्या वाफ्याकडं बोट केलं, मग माझ्याकडं. "बगा की, सारकंच दिसायलंय."

मॅडमनी कामावरनं काढलं नाही. पण हुकूम सोडला, की दुपारी एक ते अडीच मी त्यांच्या ऑफिसात, त्यांच्या डोळ्यांसमोर बसून डबा खायचा. पंख्याखाली. लाजेनं घास फिरतो तोंडात. आणि तिथला शिपाई रोज येता-जाता माझी कॉलर वर करून वाकून बघतो.

"काय बालाजीराव, तांबेरा तर आला न्हाई न?"