नळीत गेलेली चिठ्ठी

फटाक्याच्या दारूचा वास आला की मी तेरखेड्याच्या आमच्या अंगणात जाते. त्या दिवशी आई फटाक्यांच्या नळ्या वळायला माझ्या जुन्या वह्या फाडत होती. त्यातल्याच एका वहीत सकाळी वर्गातल्या वसंतानं दिलेली चिठ्ठी मी लपवली होती, न वाचताच. आईला वाचता येत नव्हतं. पण नळ्या तपासणाऱ्या दादांना, माझ्या वडिलांना, येत होतं.  शेजारी बसलेल्या माझ्या मैत्रिणीनं, सुशीनं, वहीतून पडलेल्या चिठ्ठीवरचं वसंताचं अक्षर ओळखलं आणि ती नळीत घट्ट वळून नळ्यांच्या ढिगात टाकली.

"घाम का गं फुटला?" आईनं विचारलं.

"ऊन लई हाय."

चिठ्ठीत काय होतं, हे वसंताला विचारायचा धीर कधीच झाला नाही. आजही फटाका फुटला की नातवाच्या आधी मीच कपटे उचलायला वाकते.